वेतनश्रेणी एक, पगार दोन: मॅकिनन मॅकेन्झी खटला मालकांनी कसा वाचावा

13 जून 1977 रोजी मॅकिनन मॅकेन्झी या कंपनीतली ऑड्री डिकोस्टा यांची नोकरी संपली. त्या ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ होत्या, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे नेमलेल्या, त्यांचं गोपनीय डिक्टेशन घेऊन टाइप करून देणाऱ्या. नोकरी गेल्यावर त्यांनी समान वेतन कायदा, 1976 खालच्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज केला. मागणी साधी होती. कायदा लागू झाल्यापासून नोकरी संपेपर्यंत कंपनीतल्या पुरुष स्टेनोंपेक्षा आपल्याला कमी पगार मिळाला, तो फरक मिळावा. या अर्जाचा शेवटचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 26 मार्च 1987 रोजी दिला.

हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना माहीत असतो. ज्यांनी तो खरोखर वाचायला हवा ते कारखानदार, शाळांचे संस्थाचालक, रुग्णालयांचे व्यवस्थापक, छोट्या-मोठ्या कंपन्यांचे एचआर प्रमुख मात्र सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 लागू झाली आणि 1976 चा समान वेतन कायदा तिच्यात विलीन झाला. तेव्हापासून मालकांच्या बैठकांमध्ये चर्चा चालते ती भत्ते एकूण मेहनतान्याच्या पन्नास टक्क्यांवर गेले तर काय होईल, पीएफ किती वाढेल, ग्रॅच्युइटीचा बोजा किती पडेल, याची. ती चर्चा हवीच. पण त्याच संहितेच्या कलम 3 मध्ये समान कामाला समान वेतन देण्याचं बंधन आहे, आणि ‘आमच्याकडे तसला भेदभाव नाहीच’ असं म्हणून ते पान उलटलं जातं. मॅकिनन मॅकेन्झीची बाजूही थोड्याफार फरकाने हीच होती.

भेद कुठे होता

1975 साली कंपनी आणि कर्मचारी संघटना यांच्यात करार झाला. त्या करारानंतर स्टेनो पुरुष असो वा स्त्री, वेतनश्रेणी एकच झाली. कागदावर पाहिलं तर भेद मिटला होता. कुणी तपासनीस येऊन वेतनश्रेणींचा तक्ता मागता, तर त्याला आक्षेप घ्यायला जागा सापडली नसती.

फरक पडला तो वेतननिश्चितीत. नवी श्रेणी ठरल्यावर जुन्या माणसाला तिच्या कोणत्या टप्प्यावर बसवायचं, हा वेतननिश्चितीचा प्रश्न. सरकारी नोकरीत वेतन आयोग पाहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही: श्रेणी सगळ्यांना सारखीच मिळते, खरी मारामारी फिक्सेशनवर होते. या कंपनीत पुरुष स्टेनोंना श्रेणीत बसवण्याची रीत वेगळी आणि आधीपासून नोकरीत असलेल्या स्त्री स्टेनोंना बसवण्याची वेगळी होती. त्यामुळे एकाच श्रेणीत असूनही त्या खालच्या टप्प्यावर राहिल्या. जुनी दरी नव्या तक्त्यात तशीच उतरली. फक्त आता तिच्यावर ‘समान वेतनश्रेणी’ अशी पाटी होती. सर्वोच्च न्यायालयाने नेमकं इथे बोट ठेवलं: श्रेणी समान आहे, भेद वेतननिश्चिती करताना घडवला गेला आहे.

फरक किती होता? 26 ऑक्टोबर 1976 ते 13 जून 1977 या काळासाठी मूळ पगार आणि महागाई भत्ता यांतली तफावत 7,196 रुपये 67 पैसे निघाली. कालावधी आठ महिन्यांपेक्षाही कमी. म्हणजे महिन्याला नऊशे रुपयांहून जास्त, आणि तेही 1976-77 मधले रुपये. पगारवाढीच्या हिशेबात कुठेतरी पाच-दहा रुपये इकडेतिकडे झाले असा हा मामला नव्हता.

पहिल्या प्राधिकाऱ्याने मान्य केलं की स्त्री आणि पुरुष स्टेनोंचं काम एकाच प्रकारचं आहे. तरीही त्याने अर्ज फेटाळला. पगार संघटनेबरोबरच्या करारानुसार आहे, तेव्हा लिंगभेद झाला असं म्हणता येत नाही, असा त्याचा कल होता. अपिलात हे उलटलं. अपील प्राधिकाऱ्याने भेदभाव उघड असल्याचं सांगून फरकाची रक्कम आणि भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा हिस्सा द्यायला लावला. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. एकल न्यायाधीशांपुढे हरली, खंडपीठापुढे हरली, मग दिल्लीला गेली आणि न्यायमूर्ती ई. एस. वेंकटरामय्या व न्यायमूर्ती एम. एम. दत्त यांच्या पीठापुढेही हरली.

कंपनीची उत्तरं, एकेक करून

कंपनीचे मुद्दे हास्यास्पद नव्हते, म्हणूनच हे प्रकरण उपयोगाचं आहे. आज कुठल्याही औद्योगिक वसाहतीत जाऊन मालकाला विचारलं तर हेच मुद्दे, याच क्रमाने ऐकू येतात.

पहिला मुद्दा: ही वेगळी पोस्ट आहे. कॉन्फिडेन्शियल स्टेनो अधिकाऱ्यांकडे नेमलेल्या असत, पुरुष स्टेनो सामायिक विभागात काम करत, आणि एकीची बदली दुसरीकडे होत नसे. न्यायालयाने हे विभाजन मान्य केलं आणि तरीही त्याला किंमत दिली नाही. काम प्रत्यक्षात जवळपास तेच असेल, तर ते कुठल्या खोलीत बसून केलं जातं याने पगार ठरत नाही. निकालातलं एक सूत्र तर प्रत्येक एचआर विभागाने भिंतीवर लावावं असं आहे: माणसं प्रत्यक्षात काय काम करतात ते बघा, कागदोपत्री त्यांच्याकडून काय करवून घेता येईल ते बघू नका. आणि तपशिलात थोडा फरक असला म्हणून समानतेचा दावा किरकोळ कारणावर उडवून लावू नका. ‘सारख्या स्वरूपाचं काम’ असं म्हटलं की त्यात बारीकसारीक फरक असणार हे गृहीतच आहे. बघायचं ते एवढंच की तो फरक व्यवहारात महत्त्वाचा आहे का.

दुसरी बाजूही न्यायालयाने लिहून ठेवली आहे, ती सांगितली नाही तर मालकांवर अन्याय होईल. काम खरोखर वेगळं असेल, उदाहरणार्थ अवजड माल चढवण्या-उतरवण्याचं, तर वेगळ्या पगाराला लिंगभेद म्हणता येणार नाही. त्याचबरोबर एखाद्या कामातून बायकांना मुद्दाम दूर ठेवायचं, त्यासाठी परिस्थिती तशी करून ठेवायची, आणि मग ‘त्या वेगळ्या कामाला आहेत’ म्हणत दुसरीकडे कमी पगार द्यायचा, हेही चालणार नाही.

दुसरा मुद्दा: करार संघटनेशी झाला आहे, आणि संघटना बायकांचीही होती. याचं उत्तर 1976 च्या कायद्यातच होतं. करार, निवाडा, सेवाशर्ती, काहीही असो, कायद्याशी विसंगत असेल तर कायदा वरचढ. संघटनेची सही मिळाली म्हणजे सुटलो, असं मानणाऱ्या व्यवस्थापनांना मी हा भाग दोनदा वाचायला सांगतो. संघटनेत संख्या पुरुषांची असेल तर करारात पुरुषांच्या मागण्या आधी सुटतात. यात कुणाची दुष्टबुद्धी असावीच लागते असं नाही. पण सहीची जबाबदारी शेवटी मालकाकडेच येते.

तिसरा मुद्दा पैशाचा: कंपनीची आर्थिक स्थिती बरी नाही, सगळ्यांना सारखा पगार परवडणार नाही. न्यायालयाचं उत्तर असं की हा कायदा लागू होणं मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही. परवडत नाही म्हणून एका गटाला कमी देता येत नाही. निकालातला मालकांना सगळ्यात कडू लागणारा भाग हाच, आणि मला तो सगळ्यात न्याय्य वाटतो. तंगी खरी असेल तर तिची झळ सगळ्यांमध्ये वाटली जायला हवी. ती नेमकी ज्यांनी आवाज चढवला नाही त्यांच्याच ताटात का पडावी?

हेच आज कसं घडतं

‘लेडी स्टेनोग्राफर’ हे पद आता दिसत नाही. वेतननिश्चितीतला भेद मात्र जोमात आहे. फक्त तो आता करारात न होता मुलाखतीच्या खोलीत होतो.

उमेदवाराला विचारतात, ‘सध्या सीटीसी (कंपनीला तुमच्यावर येणारा एकूण पगारखर्च) किती?’ तो आकडा सांगतो, आणि त्यावर ठरावीक टक्के चढवून ऑफर निघते. पद्धत सगळ्यांना सारखी आहे, म्हणून ती निष्पक्ष वाटते. आता हिशेब मांडून बघू. समजा एकाच दिवशी एकाच कामासाठी दोन लेखापाल घेतले. एकाचा जुना पगार 32,000, दुसरीचा 25,000. तिने मूल लहान असताना घराजवळची कमी पगाराची नोकरी धरली होती. अनुभवाची वर्षं दोघांचीही तितकीच. दोघांना जुन्या पगारावर 30 टक्के वाढ दिली: त्याला 41,600, तिला 32,500. फरक 9,100. पुढे पाच वर्षं दोघांनाही अगदी निष्पक्षपणे, दर वर्षी 8 टक्के वाढ मिळाली. पाच वर्षांनी तो 61,124 वर आहे, ती 47,753 वर. फरक 13,371. या पाच वर्षांत कुणीही भेदभावाचा एकही निर्णय घेतलेला नाही. प्रत्येक अप्रेझल सरळ झालं. तरीही दरी रुंदावत गेली, कारण टक्केवारीतली वाढ सुरुवातीची दरी वाढवतच नेते.

आता त्या बाईंनी विचारलं, ‘सर, माझ्यात आणि त्यांच्यात एवढा फरक कशामुळे?’ तर व्यवस्थापकाकडे देण्यासारखं उत्तर एकच: ‘तुम्ही आलात तेव्हा तुमचा पगारच कमी होता.’ म्हणजे आधीच्या मालकाने ठरवलेली किंमत आपण उचलली. 1975 च्या करारातही जुना पगारच नव्या तक्त्यात वाट काढून आला होता. आधीचा पगार कामाची कुशलता सांगत नाही, मेहनत सांगत नाही, जबाबदारीही सांगत नाही. माणसाने मागच्या खेपेला किती घासाघीस केली, किंवा करता आली नाही, एवढंच तो सांगतो.

संहितेची व्याख्याही इथे नीट वाचायला हवी. 1976 च्या कायद्यात समान काम ठरवायला कौशल्य, मेहनत आणि जबाबदारी हे निकष होते. संहितेत त्यांच्या जोडीला अनुभव आला आहे. त्यामुळे अनुभवाच्या फरकावर पगारात फरक ठेवायला मालकाला जागा आहे. पण तो फरक खरा हवा आणि सगळ्यांना त्याच मापाने मोजलेला हवा. बारा वर्षांच्या अनुभवाचे इतके टप्पे आणि आठ वर्षांचे इतके, असं आधी लिहून ठेवलेलं असेल तर ते टिकेल. आक्षेप आल्यावर फाइल उघडून ‘यांना अनुभव जास्त होता’ असं कारण शोधलं, तर ते टिकणार नाही. पूर्वीचा कायदा स्त्री आणि पुरुष अशी तुलना करत होता. संहिता लिंगावरून भेद करण्यालाच मनाई करते आणि ‘कोणत्याही लिंगाचे कर्मचारी’ अशी भाषा वापरते, म्हणजे तृतीयपंथी कर्मचारीही त्यात येतात.

आणखी एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. संहितेत ‘वेतना’च्या व्याख्येतून घरभाडे भत्ता, वाहतूक भत्ता, ओव्हरटाइम अशा गोष्टी सर्वसाधारणपणे वगळल्या आहेत. पण सर्व लिंगांच्या समान वेतनाची तुलना करताना त्या पुन्हा मोजायच्या, असं परंतुक, म्हणजे व्याख्येला जोडलेला अपवाद, आहे. मूळ पगार सारखा ठेवायचा आणि ‘विशेष घरभाडे’, ‘गाडीखर्च’ देऊन एका बाजूचं पारडं जड करायचं, ही पळवाट कायद्याने बुजवली आहे. म्हणून तपासणी फक्त बेसिकच्या रकान्याची करून भागत नाही.

तयारी कुठून सुरू करावी

निकालात म्हटलं आहे की लिंगभेदाची तक्रार आली तर पुढच्या चौकशीआधी कामाचं योग्य मूल्यमापन व्हावं, आणि त्याचे निकष स्वतः भेद करणारे नसावेत. कामाची मागणी काय आहे हे त्यांनी थेट मोजावं. तक्रारीची वाट न बघता हेच आधी करणं म्हणजे तयारी. मोठी सल्लागार कंपनी नेमण्याची गरज नाही. शंभर-दीडशे माणसांच्या आस्थापनेत पगारपत्रक आणि काम ओळखणारे दोन-तीन सुपरवायझर एवढ्यावर सुरुवात होते.

पगारपत्रकात दोन रकाने वाढवा: रुजू होतानाचा पगार, आणि तो कसा ठरला. दुसरा रकाना भरताना खरी अडचण दिसते. निम्म्या ओळींसमोर काही लिहिताच येत नाही, किंवा ‘साहेबांनी सांगितलं’ एवढंच लिहिता येतं. मग हुद्द्यांची नावं बाजूला ठेवून माणसांची गटवारी कामावरून करा. ‘फ्रंट ऑफिस असोसिएट’ आणि ‘अ‍ॅडमिन एक्झिक्युटिव्ह’ दिवसभर तेच रजिस्टर, तेच फोन आणि तीच बिलं हाताळत असतील तर ती एकाच गटात बसतात, आणि पहिल्या नावाखाली सगळ्या मुली व दुसऱ्याखाली सगळे मुलगे असतील तर ती गोष्ट कागदावर दिसू द्या. सुपरवायझरला ‘यांचं काम काय’ असं विचारलं तर तो जॉब डिस्क्रिप्शन म्हणून दाखवेल. ‘काल यांनी सकाळपासून काय केलं’ असं विचारलं तर तो खरं सांगेल. रजेवर गेल्यावर कोण कुणाचं काम बघतं, हाही फार बोलका प्रश्न आहे. एकाच्या रजेत त्याचं काम दुसरा सहज करत असेल, तर त्या दोघांची कामं फार वेगळी आहेत असा दावा करणं अवघड जातं.

प्रत्येक गटात जो फरक उरेल, त्याचं कारण एका वाक्यात लिहायचं. रात्रपाळी, एखाद्या यंत्राचा परवाना, हाताखालची माणसं, अनुभवाचे टप्पे, ही कारणं चालतील. ‘घर चालवायचं आहे त्याला’ हे कारण कुणी लिहिणार नाही, पण ते बोललं जातं, आणि बोललं गेलं तर ते नोंदवून ठेवा, कारण पुढच्या वेळी तेच कारण दुसऱ्या शब्दांत येतं.

जिथे कारण सापडत नाही तिथे पगार वाढवावाच लागेल. इथे एक रस्ता बंद आहे: समानता साधायला कुणाचाही पगार कमी करता येत नाही. 1976 च्या कायद्यात ही मनाई होती, संहितेतही आहे. म्हणजे दुरुस्ती वरच्या बाजूलाच होते, आणि जितका उशीर तितकी ती महाग. दावा करायला संहितेत तीन वर्षांची मुदत आहे, आणि देय रक्कम कमी दिल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड. पाच वर्षांत पुन्हा तेच घडलं तर तुरुंगवासाचीही तरतूद आहे. पण दंडाची भीती घालून मालकांना वळवावं असं मला वाटत नाही. मॅकिनन मॅकेन्झीसारखी कंपनी एका माणसाच्या 7,196 रुपयांसाठी पाच पायऱ्यांवर लढली. असं घडतं ते बहुधा रक्कम जड जाते म्हणून नाही, तर एकीला दिलं की बाकीच्यांना द्यावं लागेल या विचाराने. तो विचार बरोबरही आहे. बाकीच्यांनाही द्यावं लागतं, कारण त्यांचंही येणं असतं.

सगळं एकाच महिन्यात जमत नसेल तर टप्पे करा, पण सर्वांत मोठी तफावत पहिल्या टप्प्यात घ्या, सर्वांत स्वस्त नव्हे. संघटना असेल तर तिला आकडे आधी दाखवा. करार नूतनीकरणाच्या वेळी वेतननिश्चितीचं कलम स्वतंत्र वाचा आणि विचारा, हे कलम कुठल्या गटाला वेगळ्या रीतीने बसवतं आहे का. नवीन भरतीत आधीच्या पगाराचा प्रश्न अर्जातून काढून टाका आणि पदाचा पगारपट्टा जाहिरातीतच लिहा. कायदा आपल्याकडे ते सांगत नाही, तरी करा. पट्टा जाहीर असला की मुलाखत घेणाऱ्यालाही ‘बघू, त्यांची अपेक्षा किती आहे’ म्हणायला जागा उरत नाही.

राहिला प्रश्न सांगण्याचा. ज्या कर्मचाऱ्याचा पगार दुरुस्त होतो आहे, तिला तो अप्रेझलच्या पत्रात गुंडाळून देण्याचा मोह व्यवस्थापनाला होतो. ‘उत्कृष्ट कामगिरीबद्दल विशेष वाढ’ असं लिहिलं की चूक मान्य करावी लागत नाही. तसं करू नका. तिला पुढच्या वर्षी कामगिरीची वाढ नाकारायला हेच पत्र पुढे येईल, आणि शेजारच्या टेबलावरच्याला वाटेल की तिला उगाच झुकतं माप मिळालं. पत्रात सरळ लिहा: तुमच्या आणि तुमच्यासारखंच काम करणाऱ्या सहकाऱ्यांच्या पगारात कारण नसताना तफावत आढळली, अमुक तारखेपासून ती दूर केली आहे, थकबाकी इतकी, पीएफचा फरक इतका, तो अमुक महिन्याच्या पगारात जमा होईल. खाली सही एचआरची नको, मालकाची असू द्या.